हत्तिणीच्या मानेचा नट

रविवारच्या सरावफेरीत वहिनीने हेल्मेटची काच खाली ओढायला डावा हात हँडलवरून उचलला आणि हत्तिणीने मान हलवायला सुरुवात केली. आधी बारीक, मग इतकी जोरात की आरशातला रस्ता दुहेरी दिसायला लागला. वहिनीने हात परत ठेवला तशी थरथर थांबली. दोन श्वासांचा मामला. पण मागून कप्तान येत होता, आणि कप्तानच्या नजरेतून काही सुटत नसे.

हत्तीण म्हणजे वहिनी आणि तिची नणंद, या दोघींची सामाईक मोटरसायकल. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, रुंद सीटची, दोन अंगांना दोन पेट्या आणि पाठीमागे मोठी डिकी असलेली. जागच्या जागी वळवायची तर अख्ख्या घराला हाक मारावी लागायची, म्हणून हे नाव. कप्तान म्हणजे त्यांच्या मोटरसायकल मंडळाचा म्होरक्या. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि जहाजावर त्याने जन्मात पाय ठेवला नव्हता. पण जेवणाआधी कुठली गोळी घ्यायची नि जेवणानंतर कुठली, हे तो ज्या आवाजात सांगायचा, त्यावरून नाव पडलं ते पडलं.

चहाच्या थांब्यावर तो कप घेऊन थेट वहिनीपाशी आला.

"वहिनी, तुमचं हँडल नाचतंय." मंडळात तिला सगळेच वहिनी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

"एक हात सोडला तेव्हाच. आणि वेग उतरत असताना. एरवी नाही."

"म्हणजे घाट उतरताना. तिथे वेग उतरतोच, आणि नाक खाजवायला हातही सुटतोच." त्याने चहा संपवला. "शुक्रवारी संध्याकाळी हायवेवर या. मी मागून येईन. ऐंशीवरून अॅक्सिलरेटर सोडायचा, हात नुसते टेकवून ठेवायचे. हँडल हललं, तर शनिवारी घाटाच्या सहलीला तुम्ही सामानाच्या गाडीत."

सामानाच्या गाडीत तंबू, स्टोव्ह आणि सुटे टायर असत. ती कप्तानचा मेहुणा चालवायचा, आणि वाटेत आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिगत टप्प्याटप्प्याने सांगायचा. पण वहिनीला खुपलं ते वेगळंच. आजवरच्या प्रत्येक सहलीत ती मागच्या सीटवर बसली होती. नणंदेच्या हेल्मेटवर मागून कुठे कुठे ओरखडे आहेत हे तिला पाठ झालं होतं. घाटांचं म्हणाल तर तिने फक्त कडेचा भाग पाहिला होता. या वर्षी तिला लायसन्स मिळालं होतं आणि दोघींचं ठरलं होतं: घाटात गाडी वहिनीने चालवायची, नणंदेने मागे बसायचं. आणि नेमकं याच वर्षी हे.

नणंदेचं घरातलं नाव बेबी. ते तिला तान्हेपणी चिकटलं आणि चाळिशी उलटली तरी सुटलं नाही. पेशंटसुद्धा बेबीताई म्हणत. ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करून द्यायची. वहिनीचं शिवणकामाचं दुकान होतं. कोट, गणवेश, पडदे. शिवाय लोकांचे ढगळ कपडे अंगाबरोबर करून देणं. एकीचा दिवस सैल करण्यात जायचा, दुसरीचा आवळण्यात.

दोघींच्या मध्ये होता दादा. बेबीचा भाऊ, वहिनीचा नवरा, सार्वजनिक वाचनालयातला ग्रंथपाल. गप्प बसणं हा त्याचा पेशाच होता. घरात एक नियम होता, तोही त्यानेच घालून दिलेला: एकमेकींच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. बेबीच्या दवाखान्यातल्या पडद्यांवरून तो नियम आला. वहिनीने पडदे शिवून दिले, बेबीने ते न विचारता दुसऱ्या कुणाकडून आखूड करून घेतले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस दोघी एकाच टेबलावर बसून मीठसुद्धा दादामार्फत मागत होत्या. नियम झाल्यापासून घरात शांतता होती. दादाला त्याचा अभिमान होता.

वहिनीची कामाची रीत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोट नीट बसत नसेल तर खांदा, बाही आणि कंबर एकदम उसवत नाहीत. उसवली तर चूक कुठे होती ते कधीच कळत नाही. सोमवारी तिने आधी टायरमधली हवा तपासली. पुढच्यात थोडी कमी होती. ती भरून हायवेवर गेली, ऐंशीवरून वेग उतरू दिला, हात अलगद टेकवले. सत्तरच्या खाली येताच थरथर. मग डिकी रिकामी केली. तिच्यातून दोन रेनकोट, दादाने बळेच कोंबलेली प्रथमोपचाराची पेटी आणि गेल्या सहलीतला एक हरवलेला बूट निघाला. पाठीवरचं ओझं उतरल्यावर थरथर किंचित कमी झाली, गेली नाही.

मेकॅनिकने पुढच्या टायरवरून तळहात फिरवला आणि वहिनीलाही फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत लागत होता, उलट दिशेने करवतीसारखा.

"हा झिजलाय. बदलावाच लागेल. चाकाचं बॅलन्सिंगही करतो," तो म्हणाला. "मानेचा नटही थोडा ढिला वाटला. तो आवळून देतो."

मानेचा नट ऐकताच वहिनी हातमोजे घालण्यात गुंतली.

त्याचं कारण असं. जिथे हँडल गाडीच्या सांगाड्याला मिळतं, त्या नळीच्या तोंडाशी खाचा पाडलेला एक गोल नट असतो. आत वर-खाली दोन बेअरिंग, आणि त्यांच्यावर हँडल फिरतं. नट सैल असला की पुढचं चाक खुळखुळतं आणि हात सोडला की हँडल थरथरतं. वहिनीला हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतून कळलं होतं, आणि सीटखालच्या हत्यारांत त्याचा आकड्यासारखा पानाही सापडला होता. उन्हाळ्यापासून ती अधूनमधून शेडमध्ये जाऊन तो नट जरासा आवळून येत होती. बेबीला विचारलं नव्हतं, कारण गाडीची देखभाल मुळात बेबीची, आणि नट ढिला आहे म्हणणं म्हणजे तिच्या कामाला नाव ठेवणं. दादाने तिला एकदा पाना हातात घेतलेलं पाहिलं होतं. "बेबीला बोलू नका हं," एवढं ती म्हणाली होती. दादा बोलला नव्हता.

नवा टायर लागला, नट मेकॅनिकच्या हाताने आवळला गेला, आणि मंगळवारी थरथर जवळजवळ नाहीशी झाली. वहिनीने गणवेशांचे गठ्ठे पोचवायच्या निमित्ताने हायवेवर दोन फेऱ्या मारल्या. पण आता तिला नटावरच संशय होता. उन्हाळाभर आवळूनही तो ढिला सापडतो, म्हणजे थरथरीने आपोआप सुटत असणार. तिने शिवणकामाचा पांढरा खडू घेतला आणि नटाच्या कडेवरून खालच्या काळ्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल. फेऱ्यांनंतर पाहिलं तर रेघ जशीच्या तशी.

बुधवारी बेबी हत्तीण घेऊन दवाखान्यात गेली. गावातल्या गावात, चार सिग्नल आणि एक बाजार. संध्याकाळी ती घरात बूट काढत असताना वहिनी शेडमध्ये वाकून पाहत होती. रेघेचा वरचा तुकडा सुटण्याच्या दिशेने सरकला होता. दादा दाराशी उभा होता.

"अहो, हा नट हायवेवर सुटत नाही. दवाखान्यात जाऊन सुटतो."

दादा खोकला.

"काय झालं?"

"धूळ आहे इथे."

"अहो."

"मला बोलता येणार नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द मोडला असंच होईल ना?"

एवढ्यात बेबी आली, टॉवेलला हात पुसत. "वहिनी, त्या नटावर खडूने काय लिहिलंयस गं? माझी बोटं पांढरी झाली."

वहिनी सरळ उभी राहिली.

"तुझी बोटं तिथे कशाला गेली?" वहिनीने विचारलं.

बेबीने दादाकडे पाहिलं. "दादा! सांगितलंस?"

"मी एक अक्षर बोललो नाही!"

"म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी आहे," वहिनी म्हणाली.

बेबीने टॉवेल खांद्यावर टाकला. पेशंटला वाईट बातमी सांगायची असली की ती तशीच करायची. "हे बघ, तू चिडणार नसलीस तर सांगते. उन्हाळ्यापासून हत्तीण गावात नीट चालत नाहीये. सिग्नलला हळू येताना सरळ राहतच नाही, दारू प्यायल्यासारखी डावी-उजवी होते. मान आखडलीय तिची. म्हणून मी नट जरा मोकळा करायचे. तुला म्हटलं नाही, कारण त्याच्या आदल्या दिवशी नेहमी तूच चालवलेली असायचीस. तुला वाटलं असतं, तुझ्या चालवण्याला नाव ठेवतेय."

"किती वेळा?"

"आखडली की दर वेळी."

"ती आखडत नव्हती, बेबी. मी आवळत होते. ढिली झाली की दर वेळी."

दोघींनी हिशेब जुळवला, आणि मग दोघींची मान एकाच वेळी दादाकडे वळली.

"तुम्हाला दोन्ही माहीत होतं?"

"तू म्हणालीस, बेबीला सांगू नका. ही म्हणाली, वहिनीला सांगू नकोस. मी दोघींचं ऐकलं. यात माझं काय चुकलं ते सांगा."

"अरे, पण तुला काही वाटलं नाही? एक बाई सोडतेय, दुसरी आवळतेय, उन्हाळाभर!"

"वाटलं ना," दादा गंभीरपणे म्हणाला. "वाटलं की सरासरी बरोबर येत असेल."

आधी बेबी हसली. मग वहिनीला हत्तिणीच्या सीटचा आधार घ्यावा लागला. दादा दोघींकडे पाहत राहिला. यात विनोदी काय होतं ते त्याला नंतरही कळलं नाही.

गोष्ट इथे मिटली असं त्या दिवशी तिघांनाही वाटलं. पुस्तिका उघडून दोघींनी मिळून, मोठ्याने बोलत, नट सांगितल्याइतकाच आवळला. गुरुवारी सकाळी बेबीने बाजारातून एक चक्कर मारली आणि वहिनीने हायवेवर. दोघी परत आल्या तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

"अजून डावी-उजवी होते," बेबी म्हणाली. "थोडी, पण होते."

"आणि माझ्याकडे पासष्टला थरथरते. थोडी, पण थरथरते." वहिनीने हेल्मेट टाकीवर ठेवलं. "तुझ्या दादाची सरासरी घेऊनही जमत नाही. मी बसते आपली पित्ताशयाशेजारी."

"गप गं. चल मेकॅनिककडे. आणि दादा, तूही चल."

"मी कशाला?"

"वजन लागेल."

मेकॅनिकने हत्तीण मधल्या स्टँडवर उभी केली. पुढचं चाक उचलायचं तर मागून कुणीतरी दाबून धरायला हवं होतं. दादा आयुष्यात प्रथमच हत्तिणीवर बसला, तोही अगदी मागे, डिकीला टेकून, दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडून. चाक जमिनीवरून अलगद सुटलं.

"हलू नकोस," बेबी म्हणाली.

"श्वास घेऊ का?"

"थोडा."

मेकॅनिकने हत्तिणीचे पुढचे दोन्ही पाय, म्हणजे चाकाला धरणारे दोन दांडे, खालून धरून मागे-पुढे ढकलून पाहिले. "खुळखुळ नाही. नट बरोबर आहे."

"त्या दिवशीही तुम्ही असंच पाहिलं होतं?" वहिनीने विचारलं.

"हो. ढिला होता, आवळला. मग खुळखुळ गेली. तेवढंच पाहायचं असतं..." तो थांबला, कारण बेबी पुढे झाली होती. तिने हँडलच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं लावली, डोळे मिटले आणि हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. मग परत. मग आणखी सावकाश. अशाच पद्धतीने ती रोज पंधरा-वीस खांदे फिरवायची.

"हा सांधा मध्यावर अडकतो," ती म्हणाली. "बघा. डावीकडे मोकळा, उजवीकडे मोकळा, आणि बरोबर सरळ आला की खट्. खळगीत बसल्यासारखा."

मेकॅनिकने फिरवून पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. एकदा कळल्यावर ते न कळणं अशक्य होतं: चाक सरळ होताच हँडल जागेवर बसत होतं, आणि हलवायला गेलं की झटका देऊन बाहेर येत होतं.

"बेअरिंग गेलंय," मेकॅनिक म्हणाला. "वर्षानुवर्षं गाडी सरळच धावते ना, मग आतल्या पोलादी गोळ्या एकाच जागी ठोके खातात आणि तिथे खड्डे पडतात. नट आवळला की त्या खड्ड्यात घट्ट बसते, मग गावात हळू जाताना अडखळते. सोडला की बाकी सगळीकडे सैल, मग हायवेवर थरथरते."

"म्हणजे आखडलेली होती," बेबी म्हणाली.

"आणि ढिलीही होती," वहिनी म्हणाली.

"दोन्ही. तुम्ही दोघी भांडला असतात तर उन्हाळ्यातच कळलं असतं."

"आम्हाला भांडायला बंदी आहे," वहिनी म्हणाली आणि मागे डिकीशी बसलेल्या माणसाकडे बोट केलं. दादाने अगदी थोडा श्वास घेतला.

नवं बेअरिंग शुक्रवारी दुपारी आलं. मेकॅनिकने चाक काढलं, पुढचे पाय उतरवले आणि नळीतून बेअरिंगच्या जुन्या कड्या ठोकून बाहेर काढल्या. खालच्या कडीवर एका ओळीत बारीक खळगे होते, ओल्या मातीवर बोटं टेकवावीत तसे. वहिनी ती कडी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होती. इतक्या मोठ्या जनावराला नखाएवढ्या खळग्यांनी छळलं होतं.

नव्या कड्या मेकॅनिकने तिरक्या होणार नाहीत अशा बेताने चारी बाजूंनी ठोकत बसवल्या. बेअरिंगमध्ये ग्रीस बोटांनी दाबून दाबून भरलं. मग नट. तो आधी चांगला आवळायचा, हँडल दोन्हीकडे पुरतं फिरवायचं म्हणजे कड्या जागेवर बसतात, मग सोडायचा, आणि शेवटी हवा तेवढाच परत आवळायचा. हवा तेवढा म्हणजे किती, हे पुस्तिकेत आकड्यांत होतं, आणि मेकॅनिककडे त्या मापाचा पानाही होता. तरी दोन्ही बायका चाकाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्याच. वहिनीने पाय धरले, बेबीने हँडल.

"अजून जरा खुळखुळतंय," वहिनी म्हणाली.

मेकॅनिकने पाना किंचित ओढला.

"बस. आता जड लागेल."

"नाही लागत. तुला सवयच नाही घट्टची."

"आणि तुला श्वास कोंडेपर्यंत आवळायची सवय आहे. तुझ्याकडचा कोट घालून जेवता येत नाही."

"मग पडद्यांसारखा आखूड करून घे बाहेरून!"

मेकॅनिकने पाना खाली ठेवला आणि दोघींचं होईपर्यंत हात पुसत बसला. मग पाना परत लावला. कट्, असा आवाज आला. "पुस्तिका इथे थांबते," तो म्हणाला. वहिनीने पाय हलवून पाहिले. बेबीने डोळे मिटून हँडल फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये कुठेही काहीही झालं नाही. तिने डोळे उघडून वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान डोलावली.

संध्याकाळी हायवेवर कप्तान आधीच येऊन थांबला होता. त्याने दोन्ही पेट्या उघडून त्या खरंच भरलेल्या आहेत ना हे पाहिलं, डिकी उचलून पाहिली, आणि बेबीलाही मागे बसायला सांगितलं. "घाटात जेवढं वजन असणार, तेवढंच इथे हवं."

वहिनीने गियर टाकला. रस्ता मोकळा होता, उजवीकडे शेतं, डावीकडे गोदामांच्या लांब भिंती. ऐंशी झाले. आरशात कप्तानचा दिवा ठरलेल्या अंतरावर होता. तिने अॅक्सिलरेटर सोडला आणि बोटं हँडलवर नुसती ठेवली. इतके दिवस जी थरथर येऊ नये असं वाटत होतं, तिची ती आता कान लावून वाट पाहत होती.

मागून बेबीचा आवाज आला. "सत्तर आले की सांग. मी डोळे मिटलेत."

"सत्तर गेले."

"आणि पासष्ट?"

"तेही गेले."

"मग थरथरली कधी?"

"बेबी, पन्नासवर आलोय. डोळे उघड."

तिने डावा हात उचलून काच खाली ओढली. मग वर केली. मग, काही गरज नसताना, पुन्हा खाली ओढली. हँडल भिंतीला टेकलेल्या काठीसारखं जागेवर होतं.

पुढच्या वळणावर कप्तानने हाताने थांबायला सांगितलं. "आणखी एकदा," तो म्हणाला. त्याने कधी कुणाला पहिल्या वेळी पास केलं नव्हतं. वहिनीने आणखी एकदा केलं, या वेळी नव्वदवरून, आणि उजवा हातही क्षणभर सैल सोडला. परत आल्यावर कप्तान काही वेळ हत्तिणीच्या पुढच्या चाकाकडे पाहत उभा राहिला, जणू त्या चाकाने काहीतरी लपवून ठेवलं असावं.

"उद्या घाटात माझ्या मागे दुसऱ्या नंबरला राहा," तो शेवटी म्हणाला. "आणि आरशात बघत जा. मागे नवे लोक आहेत, ते तुमची रेघ धरून येतील." त्याने गाडी वळवली आणि गेला.

दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बेबीने हातमोजे नीट केले आणि सवयीने हात पुढे केला. "दे किल्ली. अंधार पडेल, घरी मी नेते."

वहिनी आधीच गाडीवर बसली होती. "मागे बस," ती म्हणाली.

बेबी मागे बसली.